जड रेणू, तरीही अधिक बाष्पशील : क्यू-ल्यूर सापळ्यामागील रसायन

काकडी, कारली, दोडका आदी वेलवर्गीय फळभाज्यांत फळमाशीसाठी क्यू-ल्यूरचे सापळे लावले जातात. काही काळानंतर आमिषाची वडी तशीच दिसते, परंतु नर माशा सापडणे कमी होते. याचे कारण समजण्यासाठी दोन सारख्या रेणूंची तुलना उपयुक्त ठरते.

रास्पबेरी कीटोन आणि क्यू-ल्यूर यांचा सांगाडा एकच आहे : बेंझीनचे कडे व त्याला जोडलेली चार कार्बनांची कीटोनयुक्त साखळी. फरक कड्याच्या दुसऱ्या टोकाला आहे. रास्पबेरी कीटोनमध्ये तेथे हायड्रॉक्सिल गट असतो. क्यू-ल्यूरमध्ये त्यातील हायड्रोजनची जागा ॲसिटाइल गट घेतो. त्यांचे रेणुभार अनुक्रमे सुमारे १६४ व २०६ आहेत.

सामान्यतः रेणू जितका जड, तितकी त्याची वाफ कमी. येथे मात्र उलट घडते. रास्पबेरी कीटोन स्फटिकरूप असून सुमारे ८२ अंश सेल्सिअसला वितळतो. क्यू-ल्यूर सामान्य तापमानाला द्रव असते व अधिक सहज बाष्परूप होते. हायड्रॉक्सिल गटामुळे शेजारचे रेणू हायड्रोजन बंधांनी परस्परांना धरून ठेवतात. ॲसिटाइल गट आला की ही पकड सुटते.

युजेनॉल व मिथाईल युजेनॉल यांतही हाच नियम दिसतो. मिथाईल युजेनॉलचा रेणू जड असूनही दोघांचा उत्कलनांक जवळपास सारखा, म्हणजे सुमारे २५४ अंश सेल्सिअस आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वडी टिकली, तरी तिच्यातील क्यू-ल्यूर हळूहळू उडून जाते. शिवाय ते एस्टर असल्याने ओलाव्याच्या संपर्कात त्याचे विघटन होऊन पुन्हा रास्पबेरी कीटोन तयार होतो. त्याकडेही नर आकर्षित होतात. परंतु वाफ कमी असल्याने तो दूरवर पोहोचत नाही.

म्हणून पुढील काळजी घ्यावी :

१. आमिषाचे पाकीट वापराच्या वेळीच उघडावे.
२. सापळ्यात पावसाचे पाणी शिरू देऊ नये.
३. वडी दिसते म्हणून थांबू नये; वेष्टनावरील मुदतीनुसार ती बदलावी.
४. वेलवर्गीय पिकांत क्यू-ल्यूर, तर आंबा व पेरूच्या बागेत मिथाईल युजेनॉल वापरावे.
५. सापळ्यात केवळ नर येतात. त्यामुळे किडलेली फळे गोळा करून नष्ट करणे तितकेच आवश्यक आहे.