थांबलेल्या बसच्या पलीकडे

मोटार हाकण्याचा परवाना पदरी पडणे आणि मोटार हाकता येणे यांत केवढे अंतर असते, याचा हिशेब मला १९७६ सालच्या एका दुपारी लालबागेत द्यावा लागला; आणि आज माझ्या नातीने शिकाऊ परवाना काढून गाडीच्या पुढेमागे तांबडे ‘एल’ अक्षर चिकटवले असता, ती हकीकत तिच्यापासून व तिच्यासारख्या इतर नवशिक्यांपासून दडवून ठेवणे मला अप्रामाणिकपणाचे वाटते.

त्या काळी मी गिरगावात, ठाकूरद्वाराजवळच्या एका चाळीत राहत असे. मामांची जुनी फियाट होती, तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगखाली असे, आणि चिंचपोकळीच्या पुलाच्या चढावर हाफ क्लचवर ती मागे न घसरता उभी धरता येऊ लागली, तेव्हा या विद्येत आता शिकण्यासारखे काही उरले नाही अशी माझी प्रामाणिक समजूत झाली. गाडी कशी चालवावी हे मला शिकवले गेले होते. रस्ता कसा वाचावा, हे ना कोणी शिकवले, ना मी विचारले.

परवाना हाती येऊन जेमतेम तीन आठवडे झाले होते. राणीच्या बागेवरून दादरकडे निघालो होतो. गिरण्यांची दुपारची पाळी बदलण्याची वेळ होती, आणि भारतमाता चित्रपटगृहाच्या अलीकडे एक दुमजली बस थांब्यावर उभी होती. मागे थांबण्याचा मला कंटाळा आला. उजवीकडे रस्ता मोकळा दिसत होता म्हणून, भोंगा न वाजवता, वेग कमी न करता, मी गाडी बाहेर काढली. आणि बसच्या पुढ्यातून, हातात डब्याची पिशवी घेतलेला दहा-बारा वर्षांचा एक मुलगा धावत समोर आला. ब्रेक मी दाबला, पण दाबला तेव्हा तो मुलगा रस्त्यावर पडलेला होता.

लोक जमले. त्यांनी मला मारले नाही, याचे श्रेय माझ्या चेहऱ्यावरच्या भीतीला असावे. एका टॅक्सीवाल्याने भाडे न ठरवता आम्हा दोघांना परळला के. ई. एम. रुग्णालयात पोहोचवले, मुलाच्या नडगीचे हाड मोडले होते. पुढे चौकी, पंचनामा, जबाब हे सारे यथाक्रम झाले. जबाब लिहून घेणाऱ्या वयस्कर हवालदारांनी आवाज न चढवता एवढेच विचारले, “साहेब, बस कशासाठी उभी राहिली असं वाटलं तुम्हाला?” मी कसूर कबूल केला आणि दंड भरला, मुलगाही कालांतराने धडधाकट चालू लागला, परंतु त्याच्या उशाशी बसण्यासाठी त्याच्या वडिलांचे गिरणीत जे खाडे पडले, त्यांची भरपाई दंडाच्या पावतीत कोठेच नव्हती.

त्या प्रश्नाचे उत्तर मी पुढे वर्षानुवर्षे शोधत राहिलो. बस थांबते ती माणसे उतरावीत म्हणून, आणि उतरलेल्या माणसांपैकी काहींना पलीकडे जायचे असते. यात अनपेक्षित असे काहीच नाही. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे ११ मीटर, म्हणजे जवळजवळ एका साध्या बसच्या लांबीइतके अंतर कापते, आणि डोळ्यांनी पाहिलेले पायापर्यंत पोहोचायला तेवढा एक सेकंद सहज जातो. त्यापुढे ब्रेक लागून गाडी थांबेपर्यंतचे अंतर वेगळे. वेग दुप्पट केला तर ते चौपट होते. मृगाच्या पहिल्या सरीत, रस्त्यावर साचलेले तेल पाण्याबरोबर वर येते तेव्हा तर या हिशेबावरही विसंबू नये.

कायद्याची कलमे नातीने परीक्षेपुरती पाठ केली आहेत. पिवळा दिवा हा घाई करण्याचा इशारा नव्हे, झेब्रा पट्ट्यांवर पहिला हक्क पादचाऱ्याचा, पोलीस वा दिवा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी वाट द्यावी, अरुंद चढावर वर येणाऱ्या गाडीला उतरणाऱ्याने जागा करून द्यावी: हे तिला माझ्याहून चांगले ठाऊक आहे. तिला मी निराळेच सांगतो. मुगभाटासारख्या गल्लीतून मुख्य रस्त्यावर येताना, किंवा दोन उभ्या टेम्पोंच्या फटीपाशी, जे दिसत नाही तिथे कोणीतरी आहेच असे गृहीत धरावे. आणि गणपतीच्या दिवसांत लालबाग-परळात गाडी नेण्याचा हट्ट धरणाऱ्याला माझ्या मते परवानाच देऊ नये. मोबाइल खिशात नव्हे, मागच्या आसनावर टाकावा. आणि दुर्दैवाने हातून अपघात घडलाच तर पळू नये; जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे आणि पोलिसांना, उशिरात उशिरा चोवीस तासांत, कळवणे हे १९८८च्या मोटार वाहन कायद्याने चालकाचे कर्तव्य ठरवले आहे. जमावापासून जिवाला धोका वाटला तर थेट चौकी गाठावी, घर नव्हे.

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिन्यांची असते, आणि पक्क्या परवान्याची परीक्षा तीस दिवसांनंतरच देता येते. पक्का परवाना मिळेपर्यंत बरोबर वैध परवाना असलेले माणूस हवे म्हणून मी तिच्या शेजारी बसतो. माझ्या परवान्याची मुदत सुदैवाने अद्याप संपलेली नाही.

गेल्या रविवारी आम्ही दादरकडे निघालो. २०११ साली खुला झालेला लालबागचा उड्डाणपूल समोर दिसताच ती म्हणाली, “आजोबा, वरून जाऊ या, सिग्नल लागत नाहीत.” मी तिला खालून घ्यायला सांगितले. भारतमाताच्या अलीकडे थांब्यावर बस उभी होती. तिने गाडी बसच्या मागे उभी केली, आणि माणसे उतरून बस हलेपर्यंत हलवली नाही.