कातिबांची नवी लेखणी

मुलांनो, तुमचे उर्दूचे पुस्तक उघडा आणि त्यातील एक ओळ नीट पाहा. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे खाली उतरत जातो. या सुंदर वळणाला नस्तालीक म्हणतात. यात शेजारचे अक्षर बदलले की अक्षराचे रूपही बदलते. त्यामुळे शिशाचे खिळे जुळवून नस्तालीक छापणे फार अवघड होते. म्हणून उर्दू पुस्तके आणि वर्तमानपत्रे कातिब बोरूने लिहीत. त्या पानांवरून छपाई होई. उस्तादाजवळ कित्येक वर्षे सराव केल्यावरच कातिबाचा हात वळणावर येई.

पुढे संगणक आला. मिर्झा अहमद जमील यांनी सुमारे २०,००० अक्षरजोडण्या लिहून काढल्या. त्यांपासून संगणकासाठी 'नूरी नस्तालीक' तयार झाले. १९८१ मध्ये लाहोरचे 'जंग' हे वर्तमानपत्र त्या अक्षरांत निघाले. १९९४ मध्ये 'इनपेज' हे सॉफ्टवेअर आले. आता पाने झटपट तयार होऊ लागली आणि कातिबांचे काम कमी झाले. ज्यांचे केस पिकले होते, त्यांच्यापुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. या वयात नवे शिकायचे की घरी बसायचे?

काही कातिबांनी ही कला सोडून दुसरा उद्योग धरला. काही मात्र संगणकापुढे जाऊन बसले. ते शिकणे सोपे नव्हते. कागदावर बोरू टेकवला की अक्षर उमटते. इनपेजमध्ये आधी पानाचे माप ठरवावे लागते, मग माउसने चौकटी आखाव्या लागतात. एका चौकटीत न मावलेला मजकूर दुसरीत जावा म्हणून त्या एकमेकींना जोडाव्या लागतात. शिवाय उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, तर आकडे डावीकडून उजवीकडे! काम साठवून ठेवायला विसरले आणि वीज गेली, तर सारी मेहनत वाया.

पण कातिबांजवळ एक मोठी ठेव होती. ती म्हणजे त्यांची नजर. मथळा केवढा असावा, दोन ओळींत किती जागा सोडावी, शेराच्या दोन्ही ओळी सारख्या लांबीच्या कशा दिसतील, हे त्यांना आधीच ठाऊक होते. त्यांना फक्त कळा शिकायच्या होत्या. तरुणांची बोटे भराभर चालत, पण पान कुठे बिघडले ते कातिबाला एका नजरेत दिसे.

मुलांनो, तुमच्या घरीही दादाजान किंवा खाला संगणक शिकू पाहत असतील. त्यांना एका वेळी एकच गोष्ट दाखवा. त्यांच्या हातातून माउस काढून घेऊ नका. प्रत्येक पायरी त्यांना स्वतःच्या वहीत लिहू द्या. तोच प्रश्न त्यांनी चौथ्यांदा विचारला, तरी हसू नका. तुम्ही अलिफ गिरवायला शिकलात, तेव्हा तुमचा हात धरून तो कितीदा गिरवून घेतला होता, ते आठवा.

शब्दार्थ
कातिब – सुंदर अक्षरात मजकूर लिहून देणारा
बोरू – जाड गवताच्या काडीची लेखणी
मथळा – बातमीचे शीर्षक
ठेव – जपून ठेवलेले धन

स्वाध्याय
१. नस्तालीक छापणे अवघड का होते?
२. कातिबांना नवे तंत्र शिकताना कोणत्या अडचणी आल्या?
३. कातिबांची नजर संगणकाच्या कामात कशी उपयोगी पडली?
४. घरातील मोठ्या माणसांना तुम्ही काय शिकवाल? पाच ओळी लिहा.