हलव्याचे दागिने विकताना

लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला काळी साडी आणि तिच्यावर पांढऱ्याशुभ्र हलव्याचे दागिने. बाळाच्या बोरन्हाणालाही तेच. मी हे दागिने करून विकते. या कामात जे उमगलं ते नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. आधी दाणा, मग नमुना.
कागदावर सुंदर चिंचपेटी काढायची आणि मग हलवा शोधायचा, हा उलटा क्रम आहे. खसखशीवर चढवलेला हलवा बारीक, तिळावरचा त्याहून मोठा, साबुदाण्यावरचा टपोरा. बारीक दाण्याची नथ, मधल्याचा तन्मणी, टपोऱ्याचा लांब हार अशी कामाची वाटणी दाणाच करून देतो. परातीत मंद आचेवर, चमचा-चमचा पातळ पाक घालत, हात न थांबवता हलवत राहिलं की काटा येतो. हवा कोरडी आणि थंड हवी. ढगाळ, दमट दिवशी हलवा करायला बसूच नये. वाटायच्या हलव्याला लांब काटा शोभतो, दागिन्याच्या हलव्याला मात्र आखूड आणि सारखा काटा हवा, कारण लांब काटा गाठ मारताना मोडतो. विकत घेतलात तरी हे बघूनच घ्या.

२. दाणा ओवायचा नसतो, गाठवायचा असतो.
हलव्याला भोक नसतं आणि सुई घातली की दाणा फुटतो. म्हणून दोऱ्याच्या फासात एकेक दाणा धरून गाठ आवळायची. दोरा काट्यांमध्ये बसतो आणि दाणा सुटत नाही. पुठ्ठ्यावर गोंद लावून दाणे चिकटवले की काम कितीतरी लवकर होतं, आणि बाजारात तसेच दागिने जास्त दिसतात. मला ते पटत नाही. पुठ्ठा अंगावर ताठ उभा राहतो, गळ्याच्या वळणाशी जुळत नाही. गाठवलेली माळ गळ्यावर रुळते. शिवाय सोनेरी कागद, टिकल्या, जरी यांची गर्दी झाली की हलवा दिसेनासा होतो. काळ्या कापडावर पांढरा काटेरी दाणा उठून दिसावा, यातच या दागिन्याचं सगळं रूप आहे. रंग वापरलाच तर एखादा लाल दाणा, नथीत.

३. नमुने मोजके ठेवा.
मुकुटापासून जोडव्यांपर्यंत सगळं करता येतं. पण विक्रीसाठी तीनच संच पुरतात: नवरीचा, जावयाचा आणि बाळाचा. नवरीच्या संचात बिंदी, नथ, कानातले, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या आणि कंबरपट्टा. जावयाला हार आणि हातात धरायला गुच्छ. बांगडी बंद गोल करू नका. हातातून चढवताना दाणे तुटतात. ती उघडी ठेवून टोकांना नाडी लावा. बाजूबंद आणि कंबरपट्ट्यालाही नाडीच, म्हणजे कुणाच्याही मापाला बसतं.

४. बाळाचा संच वेगळ्या नजरेने करा.
मुलासाठी कृष्णाचा मुकुट, बासरी, बाजूबंद आणि मुलीसाठी राधेचा साज, ही मागणी कायमची आहे. पण बाळ हाताला येईल ते तोंडात घालतं, आणि सुटलेला कडक दाणा घशात अडकू शकतो. बाळाच्या दागिन्यात तार, टाचणी, टिकली, गोंद काहीही नको. मऊ सुती पट्टीवर दाणे पक्के शिवा आणि प्रत्येक दाणा ओढून बघा. गळ्यात घट्ट बसणारं काही देऊ नका. मोठं माणूस जवळ असतानाच घालायचं आणि फोटो झाले की लगेच उतरवायचं, हे मी प्रत्येक आईला तोंडी सांगते आणि डब्यावरही लिहिते.

५. माल ठरवण्याआधी पंचांग उघडा.
बोरन्हाण संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत करतात, आणि रथसप्तमी दरवर्षी सरकते. २०२४ मध्ये संक्रांत १५ जानेवारीला आणि रथसप्तमी १६ फेब्रुवारीला होती. महिन्याहून जास्त मुदत मिळाली. २०२६ मध्ये १४ जानेवारी ते २५ जानेवारी, म्हणजे जेमतेम अकरा दिवस. मुदत कमी असेल त्या वर्षी बाळाचे संच संक्रांतीआधीच तयार हवेत.

६. साखर ओल ओढते.
मुंबईत आणि कोकणात तर फारच. घट्ट झाकणाचा डबा, आत बटर पेपर, थरांमध्ये कापूस. फ्रिजमध्ये मुळीच नको. बाहेर काढल्यावर दव धरतं आणि काटा विरघळतो.

७. किंमत साखरेची लावू नका.
"साखर आणि तीळच तर आहेत" असं गिऱ्हाईक म्हणणारच. तेव्हा वाद न घालता मी अर्धी गाठवलेली माळ आणि दोरा पुढे ठेवते आणि एक गाठ मारून बघायला सांगते. बहुतेक जणी त्यानंतर भाव करत नाहीत. दागिन्याची किंमत म्हणजे त्याला लागलेला वेळ, आणि तो घड्याळ लावून मोजलेला असावा. मदतीला बायका घेतल्यात तर त्यांनाही नगावर नव्हे, तासावर मजुरी द्या. नगावर दिली की घाई होते आणि गाठी सैल पडतात. नथीसारख्या बारीक कामाला वेळ सगळ्यात जास्त लागतो, आणि नगाच्या हिशेबात नेमकी तीच बाई तोट्यात जाते जिचा हात सगळ्यात चांगला असतो.