चेडवर्थची उशिराची फरशी

प्रश्न : रोमन सत्ता इ.स. ४१०च्या सुमारास ब्रिटनमधून गेली असे वाचले होते. आता तिथल्या एका खेड्यातल्या रोमन वाड्यात त्यानंतरची मोझेकची फरशी सापडली म्हणतात. फरशीचे वय काढतात तरी कसे? (एक वाचक, सातारा)

उत्तर : तो वाडा ग्लॉस्टरशायरमधल्या चेडवर्थचा. १८६४ मध्ये सापडलेला, सध्या नॅशनल ट्रस्टच्या ताब्यात.

फरशीचे वय थेट निघतच नाही. तिचे चौकोनी खडे कोट्यवधी वर्षांच्या चुनखडकाचे. ते मोजून काय हाती लागणार? एरवी मदतीला येतात ती नाणी. पण ब्रिटनला होणारा रोमन नाण्यांचा पुरवठा पाचव्या शतकाच्या सुरुवातीलाच आटला. ठरावीक घडणीची भांडीही बनेनाशी झाली. त्यामुळे वाड्यातल्या शेवटच्या फरश्या चौथ्या शतकाच्या खात्यात टाकून मोकळे होण्याची सवयच लागली होती.

चेडवर्थच्या २८ क्रमांकाच्या खोलीने ही सवय मोडली. ही खोली नव्याने भिंत घालून काढलेली. त्या भिंतीच्या पायाच्या चरात कोळसा आणि हाडे गाडली गेली होती. कार्बन-१४ने त्यांचे वय काढले, तेव्हा चर इ.स. ४२४च्या आधीचा असूच शकत नाही असे दिसले. फरशी या भिंतीला धरून घातलेली, म्हणजे भिंतीनंतरची. साधारण पाचव्या शतकाच्या मध्याची. (कोळसा जुन्या लाकडाचा असेल तर तो खऱ्यापेक्षा जुनी तारीख दाखवतो, म्हणून सोबत हाड असलेले बरे.)

फरशीची नक्षी पाहण्यासारखी आहे. कडेने वर्तुळांची रांग, एकात फूल, पुढच्यात गाठ. पण काम वाड्यातल्या आधीच्या फरश्यांइतके सफाईदार नाही, चुकाही राहून गेल्या आहेत. कारागिरी उतरणीला लागली होती. तरी फरशी घालणारे कारागीर मिळत होते आणि त्यांना पोसणारा मालकही होता, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. सैन्य आणि कारभार गेला म्हणून चेडवर्थच्या जमीनदाराने लगेच गाशा गुंडाळला नाही.

हा निष्कर्ष २०२०च्या डिसेंबरात जाहीर झाला. एका खोलीवरून साऱ्या ब्रिटनचा इतिहास फिरवता येणार नाही. पण केवळ सवयीने चौथ्या शतकात ढकललेल्या इतर वाड्यांच्या फरश्या पुन्हा तपासायलाच हव्यात.