घराचा उंबरठा आणि परक्याची नोंदवही

साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या जुन्या नोंदवहीत ७ नोव्हेंबर १९०० या तारखेला १९१४ या क्रमांकापुढे ‘भिवा रामजी आंबेडकर’ हे नाव लिहिलेले आहे. आपल्या समाजातील विद्यार्थ्यांना ही नोंद ठाऊक असते. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. घरच्यांनी आपण होऊन ते नाव शाळेत घातले. त्यामागचा हेतू एकच होता, तो म्हणजे शिक्षण. शाळेने ती नोंद आजही जपून ठेवली आहे.

त्याच काळात आपल्या मुलखात नोंदीचा दुसराही एक प्रकार होता. त्याचे नाव हजेरी. शेजारच्या कोल्हापूर संस्थानात महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतील माणसांना गावात हजेरी द्यावी लागे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये ती प्रथा बंद केली. ब्रिटिश अंमलात १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा होता. १९११ आणि १९२४ मध्ये तो नव्याने करण्यात आला. त्या कायद्याखाली अख्खी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर करता येई. नोंद झालेल्या माणसाच्या बोटांचे ठसे घेतले जात. त्याने ठरलेल्या वेळी पोलिसांपुढे हजर व्हायचे आणि राहण्याची जागा बदलली तर कळवायचे, असे हुकूम काढता येत. हा कायदा रद्द व्हायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला.

दोन्ही ठिकाणी वही होती, शाई होती आणि माणसाचे नाव होते. मग फरक कोठे होता? आमच्या मते तो तीन प्रश्नांत सापडतो. नोंद करताना त्या माणसाची संमती घेतली होती काय? कोणत्या हेतूने नोंद केली आणि ती त्याच हेतूसाठी वापरली काय? ती नोंद त्या माणसाला पाहता, दुरुस्त करता किंवा पुसून टाकता येते काय? हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांनी आणि पालकांनी मनात ठेवावेत, एवढ्यासाठी हा लेख आहे. कारण नोंदवही आता पोलीस ठाण्यातून निघून आपल्या बैठकीच्या खोलीत आली आहे.

बाबासाहेबांची मागणी

घराच्या खासगीपणाचा प्रश्न श्रीमंतांचा आहे, असा एक समज आहे. इतिहास तसे सांगत नाही. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेपुढे मांडण्यासाठी बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ हे निवेदन लिहिले. त्यातील मूलभूत हक्कांच्या यादीत त्यांनी एक कलम घातले होते. माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांना अवाजवी झडतीपासून संरक्षण असावे, असा त्याचा आशय होता. ज्यांच्या झोपडीचे दार कोणीही, केव्हाही ढकलू शकत होते, त्या समाजाच्या प्रतिनिधीने ही मागणी केली, हे लक्षात घेतले पाहिजे.

संविधानाच्या मसुद्यात हे कलम राहिले नाही. डिसेंबर १९४८ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी अशाच आशयाची दुरुस्ती संविधान सभेत मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली, तरी सभेने अखेर ती मंजूर केली नाही.

ही उणीव पुढे जाणवली. उत्तर प्रदेशातील खडक सिंह याच्यावर दरोड्याचा आरोप होता. पुराव्याअभावी तो सुटला, तरीही पोलीस रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावत. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या या भेटी बेकायदा ठरवल्या, परंतु खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले नाही. ती मान्यता २४ ऑगस्ट २०१७ रोजी मिळाली. पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एकमताने सांगितले, की खासगीपणा हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे. १९४७ च्या निवेदनापासून इथवर यायला सत्तर वर्षे लागली.

दार आतून उघडते तेव्हा

आता रात्री दार ठोठावणारा शिपाई नाही. आपणच पैसे देऊन वस्तू घरात आणतो. आपल्या शाळेतून शिकून गेलेली मुले-मुली आज कराड, सांगली, मिरज, पुणे येथे स्वतःची घरे घेत आहेत. त्या घरांत स्मार्ट टीव्ही येतो, बोलणारा स्पीकर येतो, दारावर कॅमेरा बसतो. हे आमच्या समाजाच्या कष्टाचे फळ आहे आणि त्याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु वस्तू कशी चालते, हे जाणून घेणे हा शिक्षित माणसाचा धर्म आहे.

स्मार्ट स्पीकरमधील मायक्रोफोन सतत जागा असतो आणि ठरावीक हाकेची वाट पाहतो. हाक ऐकू आली की पुढचे बोलणे इंटरनेटवरून कंपनीच्या संगणकाकडे जाते. तेथे आवाजाचे शब्द होतात आणि त्यांची नोंद राहू शकते. कधी हाकेसारखा दुसराच शब्द कानावर पडून यंत्र चुकून जागे होते, आणि घरातले खासगी बोलणेही त्या वाटेने जाते. काही स्मार्ट टीव्हींमध्ये पडद्यावर काय चालले आहे ते ओळखून कंपनीला कळवण्याची सोय असते. कोणते कुटुंब काय पाहते, ही माहिती जाहिरातदारांना विकता येते.

हे तर्काचे बोलणे नाही. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१७ मध्ये व्हिझिओ या टीव्ही कंपनीचे प्रकरण बाहेर काढले. एक कोटीहून अधिक टीव्हींवरून प्रेक्षकांच्या संमतीविना माहिती गोळा केल्याचा आरोप होता. कंपनीने २२ लाख डॉलर भरून ते मिटवले. २०२३ मध्ये अ‍ॅमेझॉनवर दोन प्रकरणे झाली. अलेक्साने मुलांच्या आवाजाच्या नोंदी साठवून ठेवल्या आणि पालकांनी सांगूनही त्या नीट पुसल्या नाहीत, असे पहिले. यासाठी अडीच कोटी डॉलरचा दंड ठरला. तिच्याच रिंग कंपनीच्या कर्मचाऱ्यांना ग्राहकांच्या घरातील कॅमेऱ्यांची दृश्ये पाहता येत होती, असे दुसरे. त्यात ५८ लाख डॉलर भरावे लागले.

साधा विजेचा मीटरही या विषयाबाहेर नाही. जुना मीटर महिन्याचे युनिट सांगत असे. महावितरण आता बसवत असलेल्या प्रकारचा स्मार्ट मीटर पंधरा मिनिटे किंवा अर्ध्या तासाच्या टप्प्याने वापर नोंदवू शकतो. अशा आकड्यांवरून घर केव्हा उठते, केव्हा निजते आणि केव्हा रिकामे असते, याचा अंदाज बांधता येतो. बिलासाठी घेतलेली माहिती बिलापुरतीच राहते काय, हा दुसरा प्रश्न येथे विचारावा लागतो.

‘लपवण्यासारखे काय आहे?’

पालक सभेत हा प्रश्न हमखास येतो. त्याचे उत्तर हजेरीच्या इतिहासात आहे. हजेरी देणाऱ्या बहुसंख्य माणसांकडेही लपवण्यासारखे काही नव्हते. त्यांचा दोष जन्माचा मानला गेला होता, आणि नोंद करणाऱ्याच्या हाती सत्ता होती. आज यंत्राला जात विचारावी लागत नाही. आडनाव, गाव, वस्ती, कोणत्या जयंतीची गाणी लावली, कोणाचे भाषण ऐकले, हे तुकडे एकत्र केले की अंदाज बांधता येतो. तो अंदाज कर्ज देणाऱ्याच्या, घर भाड्याने देणाऱ्याच्या किंवा नोकरी देणाऱ्याच्या हाती पडला, तर आपल्याला नकार का मिळाला हे आपल्याला कधी कळणारही नाही. जातीचा प्रश्न विचारून मिळालेल्या नकाराविरुद्ध निदान भांडता येत असे.

आणखी एक बाजू आहे. आपल्यापैकी अनेकांच्या आया-बहिणी दुसऱ्यांच्या घरी धुणीभांडी, स्वयंपाक करतात. तेथील कॅमेरा दिवसभर त्यांचे चित्रण करतो. त्यांना कोणी विचारत नाही. उद्या आपण मालकाच्या जागी असू, तेव्हा आपल्या घरी येणाऱ्या मावशींना ‘येथे कॅमेरा आहे’ एवढे तरी सांगितले पाहिजे. स्वातंत्र्याची किंमत ज्याने मोजली, त्याने दुसऱ्याचे स्वातंत्र्य जपले नाही तर ती किंमत वाया जाते.

कायदा आणि आपले काम

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा केला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या टप्प्याने लागू होणार आहेत. या कायद्यात आमचे तिन्ही प्रश्न आहेत. माहिती घेण्यासाठी साधारणपणे स्पष्ट संमती हवी. हेतू सांगितला पाहिजे. माहिती दुरुस्त करण्याचा आणि पुसण्याचा हक्क आहे. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यासाठी पालकांची खातरजमा केलेली संमती लागते. दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. मात्र शासनाच्या यंत्रणांना सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. नागरिकांनी तिच्यावर डोळस नजर ठेवली पाहिजे.

कायदा हातात असला तरी तो वापरणारा माणूस लागतो. म्हणून घरी काही साध्या गोष्टी कराव्यात. बोलणाऱ्या स्पीकरवर मायक्रोफोन बंद करण्याचे बटण असते, काम नसताना ते दाबावे. अ‍ॅपमध्ये जाऊन जुन्या आवाजाच्या नोंदी पुसाव्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये पाहण्याची माहिती पाठवण्याची परवानगी काढून टाकावी. कॅमेरा दाराबाहेर असावा, निजण्याच्या किंवा मुलांच्या खोलीत नको. त्याचा कंपनीने दिलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा. मुलांच्या अभ्यासाच्या अ‍ॅपला फोनमधील नावे आणि ठिकाण कशाला हवे, हे विचारल्याशिवाय ‘मान्य’ हा शब्द दाबू नये. ज्याला इंग्रजी अटी वाचता येतात, त्या माजी विद्यार्थ्याने आपल्या वस्तीतील दहा घरांना त्या मराठीत समजावून सांगाव्यात. आपल्या शिक्षणाचे ऋण फेडण्याचा हा एक मार्ग आहे.

आपल्या पूर्वजांना नकार देण्याचा अधिकार नव्हता, म्हणून त्यांनी हजेरी दिली. आपल्याला तो अधिकार संविधानाने दिला आहे. तो न वापरता केवळ सोयीसाठी नव्या हजेरीवर अंगठा उमटवणे आपल्याला शोभणारे नाही.