नेटशिवाय लिनक्सवर सॉफ्टवेअर

प्रश्न : शाळेच्या संगणकावर उबंटू आहे, इंटरनेट नाही. पेनड्राइव्हवरून व्हीएलसीची डेब फाइल आणली, पण ‘डिपेंडन्सी’ अपुरी म्हणून अडते. फाइल खराब आहे का?

उत्तर : फाइल बहुधा ठणठणीत आहे. विंडोजच्या सेटअपसारखं सगळं एकाच फाइलीत असतं, हा समज इथे चालत नाही; व्हीएलसीच्या लायब्ररी वेगळ्या पॅकेजांत असतात आणि एरवी ‘एप्ट’ हे उबंटूचं पॅकेज बसवणारं साधन त्या नेटवरून स्वतःच आणतं. म्हणून त्याच आवृत्तीचं उबंटू नुकतंच टाकलेल्या, नेट असलेल्या संगणकावर एप्टला ‘डाउनलोड-ओन्ली’ सांगा. डेब फाइली त्याच्या ‘आर्काइव्ह्ज’ फोल्डरमध्ये जमतील. त्या सगळ्या आणून एकाच आज्ञेत बसवा. वापरातला संगणक का नको? तिथे आधीच असलेली लायब्ररी पुन्हा उतरत नाही, आणि नेमकी तीच तुमच्याकडे नसते. उबंटू २२.०४ची पॅकेजं २४.०४वर सक्तीने मात्र बसवू नका.