आमचे पाण्याचे रॉकेट

रॉकेट सरळ कसे जाते, ते आम्ही मोडलेले रॉकेट दुरुस्त करताना शिकलो.

थंड पेयाची एक लिटरची प्लॅस्टिकची बाटली घेतली. तिला पुठ्ठ्याचे तीन पंख लावले. पाव बाटली पाणी भरले. बुचातून फुटबॉलात हवा भरायची सुई आरपार घातली आणि बूच घट्ट बसवले. बाटली विटांवर उलटी उभी केली. मी सायकलच्या पंपाने हवा भरली. दाबलेली हवा पाणी खाली फेकते, म्हणून बाटली वर उडते. हा न्यूटनचा तिसरा नियम.

पहिल्यांदा रॉकेट कोलांट्या खात पडलं. एक पंख मोडला, बाकीचे भिजून मऊ झाले. गुरुजींनी विचारले, "बाणाचं टोक जड का असतं रे?"

मग तेलाच्या कॅनचे पंख कापून तोंडाजवळ लावले. ते भिजत नाहीत. बुडावर शाडूचा गोळा बसवला, वर कागदाची टोपी. रिकाम्या रॉकेटला तोल साधतो तिथे दोरा बांधून गरगर फिरवले. टोक पुढेच राहिले, म्हणजे रॉकेट तयार! टोक मागे वळले, तर माती वाढवावी.

आता रॉकेट झेंड्याच्या खांबाहून वर सरळ गेलं! आम्ही सगळे भिजलो.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा येथून पहिले रॉकेट उडाले. त्यालाही शेपटीला पंख होते.

सूचना : चिरलेली बाटली घेऊ नये. हवा भरताना वर वाकू नये. मोठे माणूस जवळ असावे.